खिळा

तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबलचा दोष शोधत हिंडलो,
स्नेहलतागंज, तुकोगंज, पळसीकर कॉलनी,
कानाला हेडफोन, हातात काठी.
जमिनीखाली कुठे पाणी शिरलंय
ते आवाज बसला की कळायचं.
निवृत्तीनंतर कान रिकामे बसेनात,
म्हणून हे यंत्र.
कुमुदिनी म्हणते, म्हातारपणी छंद लागला
तोही भंगाराचा.
खोटं नाही.

हातोदच्या अलीकडे गब्बूलालचं शेत.
सोयाबीन निघालंय, लसूण लागायचाय,
मधले आठ-दहा दिवस जमीन कुणाचीच नसते.
माळव्याची काळी माती मोठी बोलघेवडी,
आधी तिलाच गप्प करावं लागतं:
चकती वर-खाली, वर-खाली,
तिची कुरकुर थांबेपर्यंत.
मग ऐकायचं.

गब्बूलालच्या पुतण्याला, लखनला, शिकवतो:
लोखंड घसा खाकरतं.
गुटख्याची पुडी चिरकते मधल्या पट्टीत.
सोड्याचं बूच तडतडतं फुटाण्यासारखं.
आणि नाणं,
नाणं गोल वाजतं.
पूर्वेकडून ये, दक्षिणेकडून ये,
एकाच जागी, एकाच सुरात,
जबानी न बदलणाऱ्या साक्षीदारासारखं.

गंजका खिळा मात्र लबाड.
आडवा पडला की टोकाकडून
तांब्याचा आव आणतो.
तेव्हा चौथाई वळसा घे, पुन्हा फिरव;
फिरून विचारलं की खोटं अडखळतंच.

सकाळपासूनची कमाई:
नांगराचा तुकडा, ट्रॅक्टरचा नट,
वीस पैशांचं षटकोनी अॅल्युमिनियम,
आणि एक होळकरी अर्धा आणा,
बसलेला बैल, वशिंड झिजलेलं.
लखनने थुंकी लावून पुसला,
विचारलं, कितीला जाईल?
म्हटलं, दहा रुपयांच्या वरचं घबाड सापडलं
तर कलेक्टरला कळवायचं असतं,
इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे.
तो हसला. दहा रुपयांत कचोरी येत नाही, म्हणाला.

ऊन उतरलं तेव्हा बांधाजवळ,
पळसाच्या बुंध्यापासून चार पावलांवर,
आवाज आला.
हलका. खोल. पण गोल.
चौथाई वळसा. तोच.
पलीकडून. तोच.
पडद्यावर आकडा ब्याऐंशीला टेकलेला, हलेना.
दीड वीत खाली, एकटंच,
आसपास ना तार, ना ठिकरी.
खिशातून पडलेलं इतकं खोल जात नाही,
आणि इथला बांध तर दर पावसाळ्यात झिजतो.
म्हणजे ठेवलं तेव्हा
आणखी खाली असणार.

लखन कुदळ घेऊन आला.
आणि दिवसभर खाटेवरून न हललेला गब्बूलाल
उठून आला, म्हणाला,
'यां रेवा दो, सा'ब.'
एवढंच.
मागे त्याची बायको चाऱ्याचे भारे बांधत होती.
दोरी तिच्या हातात तशीच राहिली.

तार तुटली की तिची दोन टोकं राहतात,
हे मी खात्यात पहिल्याच वर्षी शिकलो.
इथे ती माझ्यासमोर उभी होती,
एक बांधावर, एक चाऱ्यापाशी.
तान्ह्याला आमच्यातही जाळत नाहीत.
मुठीत काहीतरी देतात,
रिकाम्या हाताने कसं धाडायचं.

'काय आहे?' लखनने विचारलं.
हेडफोन मी केव्हाच काढून ठेवला होता,
यंत्र उघड्यावर वाजत होतं, स्वच्छ,
अगदी मी त्याला सांगितलं होतं तसं.
'खिळा,' मी म्हणालो.
'पण दोन्हीकडून तर...'
'खिळाच आहे. वाजतो कधी कधी असा.'
आणि बटण बंद केलं.

गब्बूलालने चहा सांगितला.
त्याच्या बायकोने तो बशीत ओतून दिला,
साखर जरा जास्तच.
कुणी काही बोललं नाही लसणाच्या भावाखेरीज.

लखन मशीन उचलून गाडीपर्यंत आला,
वाटेत एक शब्द नाही.
डिकीत ठेवताना एकदाच
बांधाकडे बघितलं त्याने, मग माझ्याकडे.
चांगला कान आहे पोराचा.